पिकअपचं चेंबर गळतंय? उघडायच्या आधी हे बघा, आणि इंजिनावरचं प्लास्टिक कसं सांभाळायचं

पिकअपखाली काळा डाग दिसला की गॅरेजमधे पहिलं वाक्य ठरलेलं, "चेंबर पॅकिंग गेलंय, उघडावं लागेल". कधी ते खरं असतं. पण बऱ्याच वेळा चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑईल साठवणारं भांडं, सगळ्यात खाली असतं एवढ्यासाठीच त्याच्यावर आळ येतो, ऑईल वरून कुठूनतरी निघतं, इंजिनाच्या अंगावरून ओघळत चेंबरच्या कडेला येतं आणि तिथून ठिबकतं. मग चेंबर उतरवलं, नवीन सिलिकॉन लावलं, गाडी उभी राहिली, भाडं बुडालं, आणि थोड्या दिवसांत परत तोच डाग. बोलेरो पिकअप असो, योधा असो, इंट्रा असो, गळती शोधायची पद्धत तीच आहे. ज्याच्या घरचा हप्ता या गाडीवर चालतो त्याने स्वतः खाली वाकून बघायला शिकलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, काम भले मिस्त्रीकडून करून घ्या पण गळती कुठली आहे हे तुम्हाला माहीत पाहिजे.

आधी गळतंय काय ते बघा. रात्री गाडी सपाट जागेवर लावा आणि खाली मोठा स्वच्छ पुठ्ठा सरकवा, पुठ्ठ्यावर पुढची चाकं कुठे येतात त्याची खूण करा म्हणजे सकाळी डाग इंजिनाच्या कुठल्या भागाखाली आहे ते कळतं. डिझेलचं इंजिन ऑईल काळंकुट्ट असतं, बोटावर घेतलं की लगेच ओळखू येतं. गिअर ऑईल जाड असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो, एकदा घेतला की विसरत नाही. कूलंट हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी असतं आणि बोटाला पातळ, किंचित चिकट लागतं. नुसतं पाणी असेल आणि एसी चालू होता तर ते सोडून द्या.

मग धुवायचं. ही पायरी सगळे टाळतात आणि इथेच सगळं चुकतं. ऑईल आणि धूळ मिळून इंजिनाला जो काळा थर बसलेला असतो त्याच्यात गळती शोधणं अशक्य आहे. पण वॉशिंग सेंटरवर डिझेल किंवा रॉकेल मारून इंजिन धुतात ते करू नका, बरेचसे रबरी होस आणि सील त्याने फुगतात, शिवाय वर तेलकट पापुद्रा राहतो त्यावर धूळ अजून जोरात बसते. पाण्यात मिसळणारं डिग्रीझर घ्या, ब्रश घ्या, इंजिन थंड असताना मारा, पाण्याचा जोर कमी ठेवा, अल्टरनेटर आणि वायरिंगच्या कनेक्टरवर पिशवी बांधा. चाकं धुवायला जे अॅसिड वापरतात ते तर बॉनेटखाली अजिबात नको कारण इंजिनावरचं बहुतेक प्लास्टिक नायलॉनचं असतं आणि नायलॉनला अॅसिड सोसत नाही.

इंजिन वाळलं की चेंबरच्या जोडावर, टॅपेट कव्हरच्या म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या कडेला, जिथे जिथे शंका आहे तिथे साधी टाल्कम पावडर उडवा, पातळ थर पुरे. दहा पंधरा मिनिटं चालू ठेवून बघा, नाहीतर वीस पंचवीस किलोमीटर गाडी फिरवून आणा आणि टॉर्च घेऊन खाली जा. पांढऱ्या पावडरीवर ऑईलची ओली रेघ लगेच दिसते, आता ती रेघ पकडून वर वर जायचं, जिथे रेघ संपते तिथे गळतीचं मूळ. चालत्या गाडीत वारा ऑईल मागे ढकलतो त्यामुळे डाग जिथे पडतो त्याच्या वर आणि पुढे शोधायचं हे डोक्यात ठेवा. ज्यांच्याकडे सोय आहे त्यांनी ऑईलमधे यूव्ही डाय टाकून निळ्या टॉर्चने बघितलं तर अजूनच सोपं, फक्त डिझेलच्या काळ्या ऑईलमधे तो रंग नीट चमकायला थोडा जास्त डाय लागतो.

वरून खाली येताना काय काय बघायचं ते सांगतो. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, विशेषतः मागची बाजू जिथे हात पोचत नाही. ऑईल प्रेशर स्विच, त्याचा कनेक्टर काढा, आत ऑईल भरलेलं असेल तर स्विचच आतून फुटलाय आणि हा इतका स्वस्त पार्ट आहे की याच्यासाठी चेंबर उतरवलं गेलं तर वाईट वाटतं. ऑईल फिल्टरची सीट, जुन्या फिल्टरची रबर रिंग तिथेच चिकटून राहिली आणि वर नवीन फिल्टर बसवला तर दोन रिंगांमधून ऑईल येतं, कधी कधी धारच लागते. टर्बोचा ऑईल रिटर्न पाईप आणि त्याचं पॅकिंग. बऱ्याच डिझेल इंजिनांत अल्टरनेटरच्या मागेच व्हॅक्यूम पंप असतो, त्याचा ऑईलचा होस कडक होऊन चिरतो आणि ऑईल थेट चेंबरच्या अंगावर पडतं, ही गळती चेंबरची म्हणून खपते. पुढच्या पुलीमागचं क्रँक सील, म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकावरची रबरी रिंग, गेलं असेल तर ऑईल पुलीवर येऊन गोल उडतं, आसपास सगळीकडे शिंतोडे दिसतात. आणि मागचं क्रँक सील गेलं असेल तर इंजिन आणि क्लच हाउसिंगच्या जोडातून, हाउसिंगच्या तळाच्या भोकातून थेंब पडतो. तिथे थेंब दिसला की वास घ्या, गंधकाचा वास असेल तर गिअरबॉक्सचं सील, नसेल तर इंजिनाचं. हे काम मोठं आहे, गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तेव्हा क्लच प्लेटपण त्याच वेळी बघून घ्या, ऑईल लागलेली प्लेट चढाला घसरते.

आता ब्रीदर, याच्यावर मला थोडं जास्त बोलायचंय. पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस खाली चेंबरमधे येतच असतो, नव्या इंजिनातही येतो, तो ब्रीदरच्या नळीतून बाहेर किंवा इनटेकमधे जातो. ही नळी चिखलाने, घट्ट झालेल्या ऑईलने बंद झाली की आत प्रेशर वाढतं आणि ऑईल जिथे कमजोर जागा मिळेल तिथून बाहेर पडतं, आज टॅपेट कव्हरमधून, ते बदललं की पुढच्या महिन्यात क्रँक सीलमधून, मग चेंबरमधून. मालक वैतागतो आणि प्रत्येक वेळी नवीन पॅकिंगचे पैसे देतो. तपासायला दोन मिनिटं लागतात, इंजिन आयडलवर चालू ठेवून ऑईल भरायचं झाकण सैल करा आणि तसंच ठेवा, हलकी वाफ आली तर ठीक, पण झाकण उडायला लागलं किंवा भकाभक धूर यायला लागला तर आधी ब्रीदर साफ करा. ब्रीदर साफ असूनही तसंच होत असेल तर रिंगा-पिस्टनचं काम निघालंय आणि ते केल्याशिवाय जगातलं कुठलंही सिलिकॉन ती गळती थांबवणार नाही.

डिपस्टिक, म्हणजे ऑईलची लेव्हल बघायची पट्टी, पण बघा. वरच्या खुणेच्या वर ऑईल भरलेलं असेल तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो, गळती वाढते. बीएस ६ हे प्रदूषणाचे नियम आल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल गाड्यांत अजून एक प्रकार आहे, डीपीएफ साफ करायला इंजिन जादा डिझेल मारतं, गाडी गावातल्या गावात थांबत थांबत चालत असेल तर ते साफ होणं अर्धवट राहतं आणि थोडं डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलमधे उतरतं. ऑईल न भरता लेव्हल वाढत असेल तर कारण हेच असण्याची शक्यता जास्त, ऑईल पातळ होतं, डिपस्टिकला डिझेलचा वास येतो. असं ऑईल लगेच बदला, किलोमीटर व्हायची वाट बघू नका, आणि डॅशबोर्डवर डीपीएफच्या दिव्याची खूण लागली की गाडी हायवेला नेऊन एकसारखी चालवा.

हे सगळं बघून झालं, वर सगळं कोरडं आहे आणि ओलावा चेंबरच्या जोडापासूनच सुरू होतोय असं दिसलं, तर आता चेंबरकडे या. पण त्यातही पहिला ड्रेन बोल्ट. प्रत्येक ऑईल चेंजला त्याचा तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वॉशर नवीन पाहिजे, वॉशर दबून बसतो आणि एकदाच नीट बसतो. जुनाच वॉशर टाकतात, मग थेंब येतो, मग थेंब थांबवायला लांब पान्याने बोल्ट आवळतात आणि चेंबरचे आटे जातात. आटे गेलेल्या बोल्टला टेफ्लॉन टेप गुंडाळून चालवू नका, टेपचा तुकडा आत गेला तर ऑईल ओढणाऱ्या जाळीत अडकतो. लेथवाल्याकडून आटे दुरुस्त करून घ्या किंवा चेंबर बदला.

आपल्याकडच्या पिकअपला चेंबर एकतर पत्र्याचं असतं नाहीतर अॅल्युमिनियमचं. पत्र्याचं चेंबर दगडावर आपटलं तर चेपतं, आणि चेपलेलं चेंबर गळत नसलं तरी ते तसंच ठेवू नका, कारण ऑईल ओढणारी जाळी चेंबरच्या तळापासून थोडीच वर असते, तळ वर आला की जाळीचं तोंड दाबलं जातं, पंपाला ऑईल कमी मिळतं आणि घाटात लोड असताना प्रेशर पडतं. कोकणात मासळी वाहणाऱ्या गाड्यांचं वेगळंच, क्रेटमधून बर्फाचं खारं पाणी सतत गळत असतं, समुद्राची हवा असते, पत्र्याच्या चेंबरला गंज लागून सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. अशा गाडीवाल्यांनी आठवड्यातून एकदा खालून गोड्या पाण्याने धुवावं आणि चेंबरला बाहेरून गंज थांबवणारा रंग मारून ठेवावा. अॅल्युमिनियमचं चेंबर चेपत नाही, तडकतं. ते उतरवून, आतून बाहेरून तेल काढून आर्गॉन वेल्डिंग चांगल्या हाताकडून केलं तर टिकतं. एम-सील लावून वाटेतून घरी येता येईल, तेवढाच त्याचा उपयोग समजा, आणि तेही डिपस्टिक बघत बघत.

उतरवायचं असेल तर गाडी सपाट जागेवर, मागच्या चाकांना उटी (अडवायचा ठोकळा), पुढून जॅकने उचलून घोड्यांवर (जॅक स्टँडवर). नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कोणी जायचं नाही, विटांवर तर नाहीच, याच्यात दुसरं मत नको. ऑईल कोमट असताना काढा, खूप गरम असेल तर हात भाजतो. काही गाड्यांत पुढचा क्रॉसमेंबर आडवा येतो आणि इंजिन फाउंडेशन सोडून इंजिन थोडं वर घ्यावं लागतं, ते मिस्त्रीला आधीच विचारा म्हणजे मधेच काम अडत नाही. बोल्ट कुठला कुठून निघाला ते पुठ्ठ्यावर चेंबरचं चित्र काढून त्यात खोचून ठेवा, लांबी वेगवेगळी असते. सिलिकॉनने चिकटलेलं चेंबर स्क्रूड्रायव्हर घुसवून उचकटू नका, कडेला खड्डा पडला की तिथून कायम पाझरणार, पातळ पट्टी सरकवत सरकवत सिलिकॉन कापा.

चेंबर हातात आलं की जाळी बघा. जाळीत जुन्या सिलिकॉनचे तुकडे सापडले तर ते आधीच्या माणसाने गच्च सिलिकॉन भरल्याची खूण आहे. तळाला चमकणारी चंदेरी किंवा तांबूस पूड दिसली तर बेअरिंगकडे लक्ष द्या. पत्र्याच्या चेंबरची कड काचेवर किंवा सपाट फरशीवर ठेवून बघा, जास्त आवळल्याने बोल्टच्या भोकांपाशी पत्रा वर उचललेला असतो, लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने तो सरळ करा, हे न करता नवीन पॅकिंग लावलं तर ते दोन बोल्टांच्या मधे दबतच नाही.

इंजिनाकडची बाजू साफ करायला ग्राइंडरची घासणारी चकती वापरू नका, त्या चकतीची बारीक पूड ऑईलमधे गेली की बेअरिंग खाते. प्लास्टिकची किंवा लाकडाची पट्टी, धीर, आणि शेवटी ब्रेक क्लीनर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चेंबर काढल्यावर तासभर तरी थांबा, वरून ब्लॉकमधून ऑईल ठिबकत राहतं, ते जोडावर आलं की सिलिकॉन पकडतच नाही. घाईत बसवलेली चेंबरं परत गळतात त्याचं मुख्य कारण मला हेच दिसतं.

पॅकिंग रबराचं असेल तर सगळीकडे सिलिकॉन थापू नका, फक्त जिथे टायमिंग कव्हर आणि ब्लॉकचा जोड येतो, मागच्या सीलच्या कव्हरचा जोड येतो, तिथे एकेक टिपका. नुसत्या सिलिकॉनवर बसणारं चेंबर असेल तर ऑईल सोसणारं इंजिनाचं आरटीव्ही सिलिकॉन घ्या, बाथरूमला लावतात ते नाही, त्याला व्हिनेगरसारखा वास येतो, ते धातूला गंजवतं आणि ऑईलमधे टिकत नाही. साधारण ३ मिलिमीटरची एकसारखी रेघ, बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूने, कुठे तुटू न देता. जास्त लावलं की ते आतल्या बाजूला फुगतं, तुटून जाळीवर जातं, आणि गळती थांबवायच्या नादात इंजिन सीझ होतं. रेघ मारली की पाच दहा मिनिटांत चेंबर चढवा, सगळे बोल्ट हाताने लावा, मग मधून सुरू करून आलटून पालटून आवळा. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर म्हणजे सुमारे १ किलोग्रॅम-मीटर जोर पुरतो, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधे बघा. छोटा टॉर्क पाना विकत घेणं परवडत नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून आणा पण अंदाजाने जोर लावू नका. अॅल्युमिनियमचं चेंबर काही इंजिनांत गिअरबॉक्सलाही बोल्टने जोडलेलं असतं, तिथे मागची बाजू ब्लॉकच्या पातळीत आली का ते पट्टी लावून बघा. शक्यतो रात्रभर थांबून सकाळी ऑईल भरा, आरटीव्ही हवेतल्या ओलाव्याने जमतं, पावसाळ्यात लवकर, डिसेंबरच्या कोरड्या थंडीत उशिरा. काढलेलं ऑईल गटारात किंवा बांधावर ओतू नका, डब्यात भरून जुनं ऑईल घेणाऱ्याला द्या.

आता प्लास्टिक. अमेरिकेतले आपले लोक पिकअप घेतात त्यांना हा विषय चांगला माहीत असेल, फोर्डच्या एफ-१५० मधे २०१५ मॉडेलपासून जे २.७ लिटर इकोबूस्ट इंजिन आलं त्याचं चेंबरच प्लास्टिकचं, सिलिकॉनवर चिकटवलेलं, आणि त्या जोडातून पाझरायच्या तक्रारी भरपूर. २०१८ पासून ५.० लिटर व्ही-८ ला पण प्लास्टिकचं चेंबर आलं, ड्रेन प्लगसुद्धा प्लास्टिकचा, पाव वळसा फिरवला की निघतो, त्याला पाना लावायचाच नसतो. प्लास्टिकचं चेंबर वजनाला हलकं, गंजत नाही, पण प्लास्टिक आणि धातू तापल्यावर सारखे फुगत नाहीत, दर वेळी थोडं सरकतात आणि तो ताण सगळा सिलिकॉनच्या रेघेवर येतो. असं चेंबर उचकटताना वाकलं की परत सरळ होत नाही, म्हणून उतरवायचं तर नवीन आणूनच उतरवा. रॅम १५०० च्या ३.६ लिटर पेंटास्टार इंजिनामधे तर ऑईल फिल्टरचं हाउसिंग प्लास्टिकचं आहे आणि ते इंजिनाच्या व्हीमधे, म्हणजे सिलेंडरच्या दोन रांगांमधल्या खाचेत, इनटेकच्या खाली बसलंय. ते तडकलं की ऑईल व्हीमधे साठतं, मागून इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर उतरतं आणि लोकांना वाटतं मागचं क्रँक सील गेलं. सुरुवातीला सांगितलेली रेघ पकडून वर जायची पद्धत तिथे हजारो रुपये नाही, हजारो डॉलर वाचवते. त्या फिल्टरच्या झाकणाला २५ न्यूटन मीटरच पाहिजे, जास्त आवळूनच ती हाउसिंगं लवकर जातात. बदलताना बाहेरच्या कंपन्यांचं अॅल्युमिनियमचं मिळतं, मी तेच बसवा म्हणेन.

आपल्या गाड्यांत चेंबर धातूचं असलं तरी बाकी प्लास्टिक भरपूर आहे. रेडिएटरच्या बाजूच्या टाक्या, कूलंटची बाटली, थर्मोस्टॅटचं हाउसिंग, टी-जॉइंट, नव्या इंजिनांत टॅपेट कव्हर आणि इनटेक मॅनिफोल्ड. इंजिनाला चिकटलेले हे काळे पार्ट बहुतेक काचेचे तंतू घातलेल्या नायलॉनचे असतात, नवीन असताना चांगले दणकट. त्यांचा शत्रू उष्णता, वर्षानुवर्षं तापून थंड होऊन ते ठिसूळ होतात, आणि एकदा जरी गाडी जोरात तापली तरी आयुष्य कमी होतं. मराठवाड्यात, विदर्भात बोअरचं जड पाणी रेडिएटरमधे टाकतात, क्षार बसतो, गाडी तापते आणि आधी प्लास्टिक जातं मग हेडगॅस्केट. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं, एवढं पाळलं तरी अर्ध्या कटकटी येत नाहीत.

ठिसूळ झालेलं प्लास्टिक ओळखता येतं, काळ्याचं तपकिरी होतं, नखाने खरवडलं की कडेला पूड निघते, कनेक्टरचं लॉक दाबताच तुटतं. कूलंटच्या बाटलीच्या मधल्या जोडावर पांढरी किंवा हिरवट सुकलेली रेघ दिसली तर ती बाटली जायच्या मार्गावर आहे. तिला अॅराल्डाइट किंवा फेव्हिक्विक लावून घाटात जाऊ नका, आत साधारण १ बारपर्यंत प्रेशर आणि ९० अंशांच्या वर तापमान असतं, चिकटवलेलं टिकत नाही. आणि प्रेशर असलेली बाटली घेताना कंपनीचीच घ्या, इथे पैसे वाचवू नयेत असं मी प्रत्येकाला सांगतो.

टॅपेट कव्हर प्लास्टिकचं असेल आणि नवीन पॅकिंग टाकूनही गळत असेल तर कव्हरच वाकलंय का बघा, उलटं करून स्टीलची पट्टी आडवी ठेवा, खालून उजेड दिसला तर कव्हर बदला. काही कव्हरमधेच ब्रीदरचा रबरी पडदा असतो, तो फाटला की शिट्टीसारखा आवाज येतो. बोल्टच्या भोकात बारीक धातूची बुश असते, ती धुताना हरवू देऊ नका, बोल्ट त्या बुशवर टेकून थांबायला पाहिजे, ती नसेल तर बोल्ट सरळ प्लास्टिक चिरडतो. एअर गनने प्लास्टिकवरचा एकही बोल्ट आवळू द्यायचा नाही, गॅरेजमधे उभे राहून सांगा, राग आला तरी चालेल. होस काढताना ओढून किंवा स्क्रूड्रायव्हर घालून नको, त्यावर गरम पाणी ओता, पक्कडने हलकेच गोल फिरवा, सुटला की मग काढा, नाहीतर होस हातात आणि प्लास्टिकचं तोंड आत तुटून राहतं. टर्बोच्या होसच्या जोडाला किंचित तेलकटपणा असतो, तो ब्रीदरच्या वाफेचा असतो, त्यासाठी काही उघडू नका, धार किंवा थेंब असेल तरच बघा.

काम झाल्यावर इंजिन चालू करा, ऑईलचा दिवा विझला का बघा, काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करा. दहा मिनिटं चालवून बंद करा, थोड्या वेळाने डिपस्टिक बघून लेव्हल पुरी करा. ५०० किलोमीटरनंतर परत एकदा पावडर मारून तोच जोड बघा, आणि बोल्टला पाना लावू नका, जमलेलं सिलिकॉन परत आवळलं की तुटतं.